चेंडू चालला, पेला चालला नाही

भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विनू मंकड किंवा सुभाष गुप्ते यांच्यापाशी थांबून चालत नाही. त्यासाठी भारताने पहिला कसोटी सामना खेळण्याच्याही बऱ्याच आधीच्या काळात जावे लागते. पुण्याच्या एका क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीवर रोलर फिरवणारा एक तरुण तेथे भेटतो. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवर बाळूंनी प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत १७९ बळी मिळवले, तेही प्रत्येकी सुमारे १५ धावांच्या सरासरीने. एका डावात पाच किंवा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी १७ वेळा केली. इंग्रज समीक्षकांनी त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. असे असूनही ज्या हिंदू संघाला त्यांनी वर्षानुवर्षे जिंकून दिले, त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. त्यांची जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य, हे त्याचे कारण होते.

बाळूंची कहाणी ही एका गुणी खेळाडूवरील अन्यायाची कहाणी आहेच. मात्र तिला दुसरीही बाजू आहे. मैदानावर मिळालेल्या विजयाने समाज किती बदलतो आणि कोठे बदलायचे थांबतो, याचा पडताळाच बाळूंच्या आयुष्यात पाहायला मिळतो.

चार रुपयांची नोकरी

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. बाळूंचा जन्म मात्र १९ मार्च १८७६ रोजी धारवाडचा. पुढे कुटुंब पुण्यात आले. लष्करी छावणीमुळे पुण्यात क्रिकेट चांगलेच रुजले होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरवले. गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही पुढे याच वाटेने गेले.

पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम ही बाळूंची पहिली नोकरी. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार एका रुपयाने वाढला. खेळपट्टी आखणे, जाळी बांधणे, मैदानाची निगा राखणे अशी कामे तेथे होती. क्लबातील ट्रॉस नावाच्या इंग्रजाने या मुलाला सभासदांच्या सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले आणि तेथून बाळूंच्या आयुष्याला वळण मिळाले.

त्या वेळी पूना क्लबातील सर्वांत नाणावलेला फलंदाज होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. तो इतरांच्या एक तास आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत असे. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग त्यांना आठ आणे बक्षीस देई, असे सांगितले जाते. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा रचलेली, या सरावाने ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी पक्की झाली, यात शंका नाही. टप्प्यावरचे नियंत्रण, वेगातील सूक्ष्म बदल आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी ही त्यांची अस्त्रे याच जाळ्यात घडली. मात्र शेकडो तास गोलंदाजी केलेल्या बाळूंना पूना क्लबात एकदाही बॅट हाती धरायला मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. नोकराने चेंडू टाकायचा आणि आणून द्यायचा, एवढेच.

मैदानात सोबत, चहाला बाहेर

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवण्याची ईर्षा होती. त्यासाठी लागणारा गोलंदाज गावातच होता, परंतु त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात तट पडले. तेलुगू सभासद बाळूंना घेण्याच्या बाजूचे होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत ग्रेगनेच जाहीरपणे मांडले. अखेर विजयाच्या इच्छेने विटाळाच्या कल्पनेवर मात केली आणि बाळू संघात आले.

मात्र ही मात सीमारेषेपुरतीच होती. बाळूंनी टाकलेला चेंडू सर्व खेळाडू हाताळत, त्याचा कोणाला विटाळ होत नसे. चहापानाची वेळ झाली, की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे. तोंड धुवायचे झाल्यास अस्पृश्य समाजातीलच एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात किटलीने पाणी ओतत असे. ज्याच्या बळींवर सामना जिंकायचा, त्याला पाणी मात्र वरून वाढायचे, हा व्यवहार कोणाला फारसा विसंगत वाटत नव्हता.

तो खटकला तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना. साताऱ्याच्या युरोपियन क्लबाविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेऊन पुण्याला विजय मिळवून दिला. परतल्यावर झालेल्या सत्कारात रानडे यांनी बाळूंना पुष्पहार घातला. बाळूंसोबत खेळता येत असेल, तर त्यांच्यासोबत खाण्यापिण्यालाही हरकत असू नये, असे त्यांनी ज्येष्ठ खेळाडूंना बजावले. लोकमान्य टिळकांनीही एका कार्यक्रमात बाळूंचे कौतुक केले. सुधारकांचे अग्रणी आणि राष्ट्रीय चळवळीचे नेते यांनी एकाच गोलंदाजाचा गौरव करावा, ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती.

जातवार क्लबांची मुंबई

प्लेगच्या साथीच्या काळात बाळूंनी पुणे सोडून मुंबई गाठली. तेव्हाचे मुंबईचे क्रिकेट समजून घेतल्याशिवाय त्यांच्यापुढील अडचणींची कल्पना येत नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेले बॉम्बे जिमखाना केवळ गोऱ्यांसाठी होते. पारशांनी १८८५ मध्ये आपले जिमखाना उभारले, त्यानंतर मुसलमानांचे इस्लाम जिमखाना आले आणि १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाले. हिंदूंच्या लहान क्लबांतही गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती, तेलुगू अशा जातीच्या आणि भाषेच्या वाटण्या होत्या. खेळाडू आधी आपल्या जातीचा आणि मग संघाचा, अशीच ही रचना होती. चर्मकाराचा मुलगा यांतील कोणत्याच चौकटीत बसत नव्हता.

हिंदू जिमखान्यातही बाळूंच्या प्रवेशाला काही सभासदांनी आक्षेप घेतला. कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली आणि बाळू जिमखान्याकडून खेळू लागले. पोटापाण्यासाठी त्यांनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. हीच रेल्वे आजची पश्चिम रेल्वे. विरारजवळच्या चांदीपसारख्या गावातील मुलगा आज किटबॅग खांद्यावर घेऊन ज्या मार्गाच्या लोकलने मुंबईच्या मैदानांकडे निघतो, त्या मार्गाच्या सेवेत बाळू होते. क्लबाने खेळू द्यावे आणि रेल्वेसारख्या आस्थापनेने पोट भरावे, ही मुंबई क्रिकेटची जुनी रीत आहे. तिच्या पहिल्या लाभार्थींमध्ये बाळूंची गणना करावी लागेल.

१९०६ चा विजय

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच अंगणात हरवल्याचा आनंद सामन्यापेक्षा कितीतरी मोठा होता. विशेष म्हणजे या सामन्याच्या वेळी पालवणकर बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसून जेवले. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने विजयाइतकेच महत्त्व या सहभोजनाला दिले. देशाच्या इभ्रतीसाठी हिंदू खेळाडूंनी जातिभेद बाजूला ठेवला आणि हे पुण्यापेक्षा पुढचे पाऊल आहे, असा त्या लेखनाचा रोख होता. रानडे १९०१ मध्येच निवर्तले होते. त्यांनी मागितले ते बाळूंच्या वाट्याला आले, पण त्यासाठी इतकी वर्षे आणि इतके बळी मोजावे लागले.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. त्या वर्षी पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक असल्याने महाराजांचा बराचसा वेळ मैदानाबाहेर गेला. संघ अनुभवाने कमी होता आणि त्याला १५ पराभव पत्करावे लागले. या पडत्या संघाचा भार वाहिला तो बाळूंनी. वयाच्या पस्तिशीत, दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करून त्यांनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी घेऊन त्यांनी संघाला दौऱ्यातील पहिला मोठा विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक काढून एका गड्याने विजय खेचून आणला. प्रथम दर्जाच्या सामन्यांत या संघाला दोनच विजय मिळाले आणि दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंची मुद्रा होती.

बाळू मुंबईला परतले तेव्हा अस्पृश्य समाजाने त्यांचे मोठ्या अभिमानाने स्वागत केले. त्या समाजातील एका माणसाचे नाव देशभर आणि देशाबाहेर गाजण्याची ती पहिलीच वेळ होती. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर हेही बाळूंकडे आदराने पाहणाऱ्यांपैकी एक होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

सोबत बसून जेवण झाले, इंग्लंडमध्ये मान मिळाला, तरी एक दार बंदच राहिले. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. बाळू हे हिंदू संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू होते. तरीही कर्णधार म्हणून निवड होत असे ती मुकुंद दामोदर पै यांची. पै यांच्या मनाचा मोठेपणा असा, की हा मान ज्येष्ठतेने आपले मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, हे त्यांनी १९१३ मध्ये एका सत्कार समारंभात सर्वांसमक्ष सांगितले. निवड समितीवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. अस्पृश्याच्या हाताने टाकलेला चेंडू चालत होता. त्याच्या आज्ञेने क्षेत्ररक्षणाला उभे राहणे उच्चवर्णीयांना पचणारे नव्हते.

१९२० मध्ये हा असंतोष उफाळून आला. पै आजारी असल्याने कर्णधारपद दुसऱ्याकडे देण्याची वेळ आली, तेव्हा निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि त्यांच्याहून कितीतरी कनिष्ठ असलेल्या दि. ब. देवधर यांची निवड केली. शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अस्पृश्य म्हणून आपल्याला डावलले जाते, हे त्यांनी निवेदन काढून जाहीरपणे सांगितले. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली असहकाराची चळवळ आकार घेत असताना, अस्पृश्यतेला विरोध करणारा आवाज जोर धरीत असताना, हे निवेदन दुर्लक्षिता येण्याजोगे नव्हते. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि त्यांचे भाऊही संघात आले. सामना सुरू असताना पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वीस वर्षांच्या सेवेचे फळ म्हणून नेतृत्वाचा एवढाच अनुभव त्यांच्या पदरी पडला. त्याच हंगामात त्यांची कारकीर्द संपली.

मात्र त्यांचा लढा वाया गेला नाही. १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांना मिळाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. उच्चवर्णीय प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. थोरल्या भावाच्या आयुष्यातील अनेक गोष्टी आज माहीत आहेत, त्या या पुस्तकामुळे.

सिडनी आणि ब्रिस्बेनमध्येही तेच

हा अनुभव केवळ भारतीय मैदानांपुरता मर्यादित नव्हता. ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ १८६८ मध्ये इंग्लंडला गेला तो आदिवासी खेळाडूंचा. तरीही पुढे तेथील आदिवासी गोलंदाजांना क्रिकेटमध्ये टिकून राहणे कठीण गेले. बाळू मुंबईत नाव कमावत होते, त्याच सुमारास सिडनीच्या क्लब क्रिकेटमधून जॅक मार्श हा वेगवान गोलंदाज पुढे आला. १९००-०१ च्या हंगामात चेंडू फेकत असल्याच्या कारणावरून पंचांनी त्याचे चेंडू वारंवार नोबॉल ठरवले आणि त्याची कारकीर्द खुंटली. पुढच्या पिढीतील एडी गिल्बर्टने १९३१ मध्ये ब्रिस्बेन येथे डॉन ब्रॅडमनला शून्यावर बाद केले. परंतु आदिवासींच्या वसाहतीबाहेर जाऊन खेळण्यासाठी त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागत असे. दोघेही कसोटी सामना खेळू शकले नाहीत. बाळूंप्रमाणे हे दोघेही गोलंदाजच होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बळी मिळवून देणारा हात सर्वांनाच हवा होता, त्या हातामागचा माणूस स्वीकारण्याची तयारी मात्र थोड्यांचीच होती.

मैदानाबाहेरचा सामना

खेळ सोडल्यानंतर बाळूंना सार्वजनिक जीवनात मान होता. आंबेडकरांनी त्यांच्यासाठी मुंबई महापालिकेत स्थान मिळावे म्हणून प्रयत्नही केले. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. तामिळ नेते एम. सी. राजा यांच्यासह त्यांनी आंबेडकरांशी बोलणी केली आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळूंचाही समावेश होता. या करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून देण्यात आले आणि राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

१९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरोधात बाळूंनाच उभे केले. स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. एकेकाळी ज्या तरुणाने त्यांचा अभिमान बाळगला, त्याच्याच विरोधात उभे राहण्याची वेळ बाळूंवर आली.

काँग्रेसने त्यांचा वापर करून घेतला, असे म्हणणारे अनेक जण आहेत. बाळूंचे स्वतःचे आयुष्य पाहिले, की त्यांची भूमिका समजू शकते. बाहेर मिळणारे मातीचे भांडे, मग सर्वांसोबतचे ताट, मग भावाकडे आलेले कर्णधारपद, असा बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. सावकाश का होईना, हिंदू समाज सुधारतो, हा विश्वास त्यांना मैदानाने दिला. आंबेडकरांचा हिशेब निराळा होता. ज्या माणसाकडे असामान्य डावखुरी गोलंदाजी नाही, त्या लाखो माणसांचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ज्याला प्रत्येक पायरी चढण्यासाठी युरोपियनांचे गडी बाद करावे लागले, त्याच्या उदाहरणातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते.

विस्मरण आणि आठवण

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. तोवर धर्मावर आधारलेल्या सामन्यांची परंपरा १९४६ मध्ये संपुष्टात आली होती आणि भारताचे क्रिकेट कसोटी आणि रणजी सामन्यांचे झाले होते. रणजी करंडक राजपुत्राच्या नावाने, तर अनेक स्पर्धा महाराजे आणि उद्योगपतींच्या नावाने सुरू झाल्या. कसोटी क्रिकेट येण्यापूर्वी भारताच्या गोलंदाजीला जागतिक दर्जा देणारा माणूस अभ्यासकांच्या पुस्तकांपुरता उरला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे बाळूंचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. त्याआधीच्या वर्षी आलेल्या लगान या चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या पात्रात अनेकांना बाळूंची छाया दिसली.

मुंबईच्या मैदानांवर आजही दर शनिवार-रविवारी एकमेकांना खेटून अनेक सामने खेळले जातात. सामना सुरू होण्यापूर्वी पहाटे कोणीतरी खेळपट्टीवर रोलर फिरवते, पाणी मारते, चुन्याने रेषा आखते. त्या माणसाचे नाव धावफलकावर येत नाही. भारतातील पहिला थोर गोलंदाज अशाच कामातून आला, हे ज्या क्लबांना माहीत आहे, त्यांनी आपल्या माळ्याच्या मुलालाही कधीतरी बॅट हाती द्यायला हरकत नाही. बाळूंना पूना क्लबात जे एकदाही मिळाले नाही, ते एवढेच होते.